दारू सोडण्यासाठी भावाला एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) पहिल्या मिटिंगला जायचंय: मिटिंग शोधायची कशी आणि तिथे नक्की काय होतं?

निशिगंध
माझा मोठा भाऊ, वय ४३, सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहे. फिरत्या शिफ्ट असतात. रोज दीड ते दोन क्वार्टर, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच. मागच्या वर्षी एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आला. नंतर चार महिने बंद होती, आता परत सुरू आहे. परवा स्वतःहूनच म्हणाला, "ती एएची मिटिंग असते ना, तिथे जाऊन बघतो." एवढं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलंय, म्हणून घाईने विचारतेय.

सिन्नरहून नाशिक जवळ पडतं. मिटिंग कुठे आणि कधी असते हे कुठून कळेल? मी किंवा वहिनी सोबत बसू शकतो का? नाव-पत्ता लिहून घेतात का, कंपनीत कळण्याची भीती आहे का? पैसे किती लागतात? त्याला चारचौघांत बोलता येत नाही, तिथे उभं राहून बोलावंच लागतं का? वहिनीचं म्हणणं, आधी चार-आठ दिवस पूर्ण बंद कर आणि मगच जा. हे बरोबर आहे का? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनीच कृपया लिहावं.

गोदाकाठ
निशिगंध, आधी वहिनींच्या मुद्द्याचं सांगतो, कारण त्यावरच बऱ्याच घरांत गाडी अडते. आधी सोड आणि मग ये, असा एएत नियम नाही. सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. वास येत असेल तरी माणसाला परत पाठवत नाहीत. गोंधळ न घालता बसला तर बसू देतात, फक्त "आज बोलू नका, ऐका" असं सांगतात. त्यामुळे दादा ज्या दिवशी हो म्हणाले त्याच आठवड्यात मिटिंग व्हायला हवी. अशी तयारी फार दिवस टिकत नाही. मात्र रोज दोन क्वार्टर घेणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करणं हा वेगळा विषय आहे, त्यावर डॉक्टर मंडळींपैकी कुणी लिहावं.

आता शोधायचं कसं. एए म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालं आणि भारतात १९५७ पासून आहे. देशाचं सर्वसाधारण सेवा कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हेल्पलाइनचे नंबर मिळतात. तिथून नाशिक भागाचा संपर्क घ्या. फोन उचलणारा पगारी ऑपरेटर नसतो. तो दारू सोडलेला सभासदच असतो, आपला कामधंदा सांभाळून हे करणारा. दुपारी उचलला नाही तर बंद पडलाय असं समजू नका, संध्याकाळी साडेसहानंतर परत लावा. ते जमलं नाही तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा, तिथल्या समुपदेशकांना गावातल्या गटांची माहिती बहुतेक वेळा असते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, ती उपचार केंद्रांची माहिती देते.

फोन दादांनीच करावा. तुम्ही शेजारी बसा, नंबर लावून द्या, पण बोलणं त्यांचं. बहिणीने फोन केला तर पत्ता मिळतो, पण त्यांची तिथल्या एका माणसाशी जी ओळख व्हायला हवी ती होत नाही. बोलायचं इतकंच: "मला दारू सोडायची आहे, सिन्नरहून येणार आहे, मिटिंग कुठे आहे?" लगेच चार गोष्टी विचारून कागदावर लिहायच्या: वार आणि वेळ, इमारत आणि नेमकी खोली, मिटिंग मराठीत असते की हिंदी-इंग्रजीत, आणि दारात कोण भेटेल. त्या माणसाचं पहिलं नाव आणि मोबाइल घ्या. जो माणूस दारात कुणी ओळखीचं उभं असेल या भरवशावर जातो, तो पोचतो. नुसत्या पत्त्यावर निघालेला बरेचदा गेटपासून परत फिरतो.

ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी पुन्हा खात्री करा. आपल्याकडे गट बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या एखाद्या खोलीत, समाजमंदिरात किंवा दवाखान्याच्या आवारात भरतात. निवडणुकीचं मतदान केंद्र लागलं, दहावी-बारावीची परीक्षा आली, गणपतीत हॉल मंडळाला दिला, की जागा बदलते. नेटवर पडलेल्या जुन्या यादीत तो बदल दिसत नाही. कुलूप लागलेल्या वर्गासमोर दहा मिनिटं उभा राहिलेला माणूस दुसऱ्यांदा यायला सहसा तयार होत नाही, आणि त्यात चूक कुणाचीच नसते.

त्यांना एकट्याने जायचा धीर होत नसेल तर फोनवर तसं सांगायला सांगा. दोन सभासद घरी किंवा बाहेर कुठे चहाच्या टपरीवर येऊन भेटतात. याला बाराव्या पायरीची भेट म्हणतात. एएचा दारू सोडण्याचा मार्ग बारा पायऱ्यांचा आहे, आणि त्यातली शेवटची म्हणजे दुसऱ्या पिणाऱ्याला मदत करणं. सहसा दोघे मिळून येतात, पुरुषाला पुरुष भेटतात आणि बाईला बाया. वेळ सकाळची घ्या, प्यालेला नसताना.

सोबत बसण्याचं: मिटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मिटिंगला फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे तेच बसतात. खुल्या मिटिंगला घरचे, डॉक्टर, कुणीही बसू शकतं. पहिलीच मिटिंग बंद असेल तर तुम्ही बाहेर थांबा. त्यात वाईट वाटून घेऊ नका. बहीण शेजारी असली की माणूस अर्धं गिळून टाकतो.

खोलीत काय होतं ते सांगतो, म्हणजे दादांना आधीच डोळ्यासमोर आणता येईल. शाळेचा वर्ग असेल तर बाकांवर नाही तर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दहा-पंधरा माणसं. कधी पाचच. टेबलामागे त्या दिवशीचा चेअरमन. भिंतीला दोऱ्याने टांगलेले दोन कापडी फलक, एकावर बारा पायऱ्या आणि दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे गट कसे चालवायचे याची तत्त्वं. मिटिंग झाली की गुंडाळून पिशवीत जातात, कारण सकाळी तिथे पोरांचा वर्ग भरणार असतो. शेजारी पत्रकांचा गठ्ठा आणि वर्गणीचा डबा. वेळ साधारण एक ते दीड तास. सुरुवातीला थोडा वेळ शांतता, प्रार्थना, मग एए म्हणजे काय याचं छोटं वाचन. कुणी नवीन आहे का, असं विचारतात. त्यावर हात वर करून फक्त पहिलं नाव सांगायचं, तेही हवं असेल तर. मग एकेक जण उठतो, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि पाच-दहा मिनिटं स्वतःचं सांगतो. त्याला मध्ये कुणी तोडत नाही, उलट प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही. शेवटी सूचना, उभं राहून प्रार्थना, आणि चहा.

बोलायची सक्ती नाही. नाव पुकारलं तरी "आज फक्त ऐकतो" एवढं म्हणालं की पुरे. महिनाभर तोंड न उघडता बसलं तरी चालतं.

रजिस्टर नसतं. आडनाव, कंपनी, पत्ता विचारत नाहीत. आत कोण दिसलं आणि काय ऐकलं ते बाहेर न्यायचं नाही, हे प्रत्येक मिटिंगमध्ये सांगितलं जातं. सिन्नरचंच कुणी तिथे भेटलं तर? तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. काळजी घ्यायची ती व्हॉट्सॲपची. गटाच्या ग्रुपमध्ये आपला नंबर सगळ्यांना दिसतो. आधी प्रोफाइलवरचं पूर्ण नाव आणि कंपनीच्या गणवेशातला फोटो काढायचा, मगच सामील व्हायचं.

फी नाही. डबा फिरतो त्यात सभासद दहा-वीस रुपये टाकतात, त्यातून चहा आणि खोलीचं भाडं निघतं. पहिल्या दिवशी काहीच टाकायची गरज नाही. आणि दादांची दारू सुटली म्हणून तुम्ही आनंदाने पाच हजार द्यायला गेलात तर ते घेणार नाहीत, बाहेरच्यांची देणगी एए स्वीकारत नाही. तिथे कुणी उसने मागितले, भिशी काढली किंवा विम्याचा विषय काढला तर तो त्या माणसाचा वैयक्तिक उद्योग आहे. सरळ नाही म्हणावं आणि सेक्रेटरीच्या कानावर घालावं.

सगळ्यात जास्त बिघडतं कुठे? माणूस दहा मिनिटं उशिरा पोचतो, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसतो, समोरच्याचं ऐकून "ह्याने तर घर विकलं, माझं एवढं नाही" असा हिशेब मांडतो आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले की सटकतो. बाहेर येऊन सांगतो, "आपल्याला नाही पटलं." तो मिटिंगला जाऊन आला, पण त्याला कुणी भेटलंच नाही. म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचायचं, पुढच्या दोन रांगांत बसायचं, आणि नंतर चहाला पंधरा मिनिटं थांबायचं. चहाच्या वेळी तीन जणांचे नंबर घ्यायचे. खरं सांगायचं तर मिटिंगचा निम्मा उपयोग त्या अर्ध्या तासात आहे. आणि एका मिटिंगवरून ठरवायचं नाही. सहा मिटिंगा, जमल्यास दोन वेगवेगळ्या गटांत, आणि मग काय ते बोलावं. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो.

पारिजात_एमडी
दारू बंद करण्याबद्दल. हे घरच्या सगळ्यांनी वाचावं.

एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. नेहमीच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर एका क्वार्टरमधून साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. रोज दोन म्हणजे १२० ग्रॅम. इतकी सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तोडली तर पहिल्या सहा-आठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो: वेळ-काळ कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. आधी कधी दारू तुटल्यावर फिट आली असेल, वय जास्त असेल, काविळीचा इतिहास असेल, तर धोका आणखी वाढतो.

त्यामुळे "चार-आठ दिवस घरात कोंडून बंद कर" हे करू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. पाच-सात दिवस कमी कमी करत जाणाऱ्या गोळ्या देतात, गरज असेल तर भरती करतात. भेट मिळेपर्यंत त्याने एकदम तोडू नये. हे वाचायला विचित्र वाटेल, पण ते दोन दिवस थोडी पिणं हे घरात फिट येण्यापेक्षा कमी धोक्याचं आहे. मिटिंग त्या काळातही सुरू करता येते. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

तालुक्याच्या ठिकाणी एक गोष्ट वारंवार होते. माणूस अशक्त दिसतो, जेवलेला नसतो, म्हणून घरचे "सलाइन लावा" म्हणतात आणि ग्लुकोजची बाटली लागते. जास्त पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी झालेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "हे रोज पितात, आधी बी-१ द्या." लाजून दारूचं लपवू नका.

दुसरं, गुपचूप देण्याची पावडर. भाजीत, चहात कालवायची म्हणून जी पुडी विकतात, तिच्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू अंगावर उलटवणारं औषध, असेल आणि माणूस त्यावर प्याला तर अर्ध्या तासाच्या आत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डायसल्फिराम हे उपयोगी औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृताच्या तपासण्या करून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान २४ तास गेल्यावरच सुरू करतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. त्या काळात खोकल्याचं अल्कोहोलयुक्त औषध, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब आणि आयुर्वेदिक आसव-अरिष्टं टाळायची. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच. गोळी घेत नसला तरी सोडलेल्या माणसाने ही चव जिभेवर येऊच देऊ नये.

मिटिंगमध्ये एखादा जुना सभासद "गोळ्या कशाला, त्याही नशाच" असं म्हणू शकतो. त्याच्या सांगण्यावरून औषध बंद करायचं नाही. एएच्या स्वतःच्या पत्रकांतही कुणा सभासदाने डॉक्टर होऊ नये असं स्पष्ट छापलेलं आहे.

निशिगंध
खूप आभार. पुडीचा विचार घरात चालू होता, तो थांबवला. सोमवारी सिव्हिलला नेतोय.
आणखी दोन अडचणी. दादा देव मानत नाही, प्रार्थना म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. आणि तीन-अकराची शिफ्ट असली की संध्याकाळची मिटिंग जमणारच नाही. वहिनीचंही विचारायचं आहे. ती पार खचलीये, तिच्यासाठी असं काही असतं का?

उंबरठा
वहिनींसाठी अल-ॲनॉन. दारू पिणाऱ्याच्या घरच्यांचं हे वेगळं संघटन आहे, १९५१ पासूनचं. ते एएचा भाग नाही. पैसे, नाव, रजिस्टर यांचे नियम तसेच. काही ठिकाणी एएची मिटिंग चालू असताना शेजारच्या खोलीतच भरते, म्हणजे एका फेरीत दोघांचं काम होतं. एएच्या फोनवरच विचारा. किशोरवयीन मुलांसाठी अल-अटीन आहे, पण त्याचे गट फार थोडे. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो.

वहिनींनी दादांची वाट पाहू नये. ते मिटिंगला गेले नाहीत तरी यांनी जावं. तिथे नवऱ्याची दारू सोडवण्याच्या युक्त्या शिकवत नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच दिवशी निराशा होते. ही दारू माझ्यामुळे लागली नाही आणि माझ्या पहाऱ्याने सुटणार नाही, हे हळूहळू अंगात मुरवणं हे तिथलं काम.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत, अवघड मात्र आहेत. प्यालेला असताना वाद नाही. बोलायचं ते सकाळी, चहा झाल्यावर, दोन वाक्यांत. गुत्त्यावरची उधारी घरातून फेडायची नाही. सुपरवायझरला "ताप आलाय" असा खोटा फोन करायचा नाही, तो फोन त्यांनीच करू दे. बाटल्या शोधून मोरीत ओतू नका, दुसरी येतेच आणि वर भांडण होतं. मुलांना "बघ रे, पप्पा कुठे बसलेत" म्हणून पाठवू नका.

मिटिंगहून आल्यावर "काय झालं, कोण कोण होतं, तू काय बोललास?" ही चौकशी नको. तिथलं बाहेर आणायचं नाही हे त्यांना सांगितलेलं असतं, आणि पहिलाच प्रश्न घरातून येतो. "जेवायला वाढू का?" इतकंच विचारा.

हात उचलत असतील तर तो वेगळा विषय आहे. तो मिटिंगवर सोडू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. दारू प्यायला होता हे मारण्याचं कारण धरायचं नाही.

बाराखडी
देवाच्या प्रश्नावर. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पण शब्द "आपल्याला जसा उमगला तसा परमेश्वर" असे आहेत, आणि ते अगदी गांभीर्याने पाळतात. न मानणारे बरेच जण त्या जागी गटालाच धरतात: मला एकट्याला जमलं नाही ते या पंधरा जणांना जमलंय, म्हणजे माझ्यापेक्षा मोठं काहीतरी इथे आहे. प्रार्थनेला उभं राहायचं, ओठ हलवायची सक्ती नाही. नारळ नाही, आरती नाही, गंडा-दोरा नाही, कुणा बुवाची तसबीर नाही. दादांना हे आधीच सांगा. गावाकडे माळ घालून दारू सोडवतात तसलाच प्रकार असेल अशी त्यांची समजूत झाली असावी.

शिफ्टचं. नव्याने आलेल्याला ९० दिवसांत ९० मिटिंगा करा असं सांगतात. सिन्नरहून रोज नाशिक शक्य नाही, मग मनुष्य सगळंच सोडून देतो. तसं करू नये. आठवड्यातून दोन प्रत्यक्ष धरा. नव्वद दिवसांत पंचवीस-सव्वीस होतात, उरलेल्या चौसष्ट ऑनलाइन. झूमवर मराठी मिटिंगा भरतात, त्यांच्या लिंक नाशिकच्या गटातूनच मिळतील. तीन-अकराच्या आठवड्यात सकाळची ऑनलाइन, आणि साप्ताहिक सुट्टीला प्रत्यक्ष. सात-तीनच्या आठवड्यात संध्याकाळी दोनदा नाशिक. रात्रपाळीत झोप मोडून मिटिंग करू नये, झोपेचा खुर्दा झाला की पिण्याची ओढ वाढते.

झूमला पहिल्यांदा बसण्याआधी पडद्यावरचं नाव बदला, नुसतं पहिलं नाव ठेवा. नाहीतर मोबाइलमध्ये भरलेलं पूर्ण नाव आडनावासकट सगळ्यांसमोर झळकतं. इअरफोन लावा, म्हणजे इतरांचं बोलणं घरात ऐकू जाणार नाही. माइक बंद. काही गट सुरुवातीला एकदा चेहरा दाखवायला सांगतात, कारण खोडसाळ लोक घुसतात. नंतर कॅमेरा बंद केला तर चालतो आणि डेटाही वाचतो. पण नुसत्या ऑनलाइनवर राहू नका. चहा पिता पिता जे बोलणं होतं ते झूमवर होत नाही.

गोदाकाठ यांनी नंबर घ्यायला सांगितलंय, ते कसे वापरायचे तेही लिहितो. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की ओढ लागते. शिफ्ट सुटते तेव्हा भूक आणि थकवा हमखास असतात. म्हणून गेटच्या आतच डब्यातली राखून ठेवलेली पोळी नाहीतर चणे-गूळ खाऊन घ्यायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि गेटबाहेर पाऊल टाकताना फोन लावायचा. चालत असताना बोलत राहायचं, त्या ठरावीक दुकानाच्या पुढे जाईपर्यंत. ओढ उठते, वाढते आणि वीस-तीस मिनिटांत बरेचदा ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. फोन पिण्याच्या आधी करायचा. प्यायल्यावर केलेल्या फोनवर समोरचा फार तर "उद्या ये" म्हणू शकतो.

पगाराचा दिवस, गटारी, दिवाळीचा बोनस, ३१ डिसेंबर, आणि हळदीची रात्र, या दिवशी मिटिंग किंवा फोन आधीच ठरवून ठेवायचा.

दोन-तीन महिन्यांत एखादा स्पॉन्सर धरावा, म्हणजे पायऱ्यांतून हाताला धरून नेणारा जुना सभासद. पुरुषाला पुरुष. सर्वांत छान बोलणारा निवडू नका. ज्याची बरीच वर्षं सुटलेली आहे, जो फोन उचलतो, आणि ज्याचं घर सावरलेलं दिसतं, असा बघा. जमलं नाही तर बदलता येतो, त्यात कुणाचा अपमान नाही.

आणि मध्येच घसरले तर? त्याला तिथे स्लिप म्हणतात. दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, बाकी काही हिरावलं जात नाही. दुसऱ्याच दिवशी मिटिंगला जायचं. लाजेपोटी महिनाभर न जाणं हेच घातक, स्लिप एका दिवसाची असते आणि लाज तिला महिन्याची करते. एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहन करण्याची ताकद कमी झालेली असते. पूर्वीइतकीच एका बैठकीत घेतली तर ती झेपत नाही. घसरण झाली हे कळलं तर त्या रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका, कुशीवर निजवा, आणि हाक मारून उठत नसतील तर १०८ ला फोन करा.

दूरदेशी
परदेशातले मराठी लोकही हा धागा वाचतील म्हणून थोडंसं. अमेरिका-कॅनडात आणि आणखी काही देशांत एएचं 'मीटिंग गाईड' हे ॲप आहे, जवळची मिटिंग नकाशावर दिसते. पण आईच्या भाषेत बोलल्याशिवाय मोकळं वाटत नसेल तर भारतातली मराठी झूम मिटिंग धरा. भारतात रात्री आठ म्हणजे दुबईत साडेसहा. लंडनला उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. घड्याळं बदलतात त्या आठवड्यात मिटिंग हमखास चुकते, मोबाइलमध्ये भारताची वेळ लावून गजर ठेवा.

आणि बायकांसाठी: पिणाऱ्या बायका आपल्याकडे मिटिंगला फार कमी दिसतात, खोलीत एकटीच असाल असंही होईल. फोनवर आधीच "महिला सभासदाशी बोलता येईल का?" असं विचारा. शहरातल्या दुसऱ्या गटातली एखादी त्या दिवशी मुद्दाम येऊन बसते.

निशिगंध
दादाने आत्ता फोन केला. उचलणाऱ्याने सिन्नरचं नाव ऐकून शनिवार सुचवला, सातची मिटिंग, बंद. सिव्हिलची भेट सोमवारची, मिटिंग त्याआधी होईल, पारिजात यांनी लिहिलंय म्हणून तशीच ठेवतोय. मी नाशिकपर्यंत सोबत जातेय. प्रश्न एसटीचा. दीड तास मिटिंग आणि वर चहा, म्हणजे पावणेनऊ होतात. उशीर होईल म्हणून दादा आत्तापासूनच "प्रार्थनेआधी निघू" म्हणतोय. मोटरसायकलवर यायचं म्हणतोय, ते मला नको वाटतंय.

गोदाकाठ
मोटरसायकल अजिबात नको, हात कापत असतील तर जातानाही नको आणि येतानाही नको. आजच स्टँडवर जाऊन नाशिकहून रात्री सिन्नरकडे येणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या. पुणे आणि संगमनेरकडे जाणाऱ्या गाड्या सिन्नरवरूनच जातात, त्यामुळे नुसत्या सिन्नरच्या पाटीच्या गाडीवर अडून राहू नका. कोणती गाडी सिन्नर स्टँडला थांबते आणि कोणती बाहेरून जाते ते नियंत्रकालाच विचारा. त्यातली पावणेनऊनंतरची एक ठरवा आणि तिच्यानंतरची एक राखीव ठेवा. दोन्ही वेळा कागदावर लिहून दादांच्या खिशात द्या, म्हणजे आत बसल्यावर मनगटाकडे बघणं थांबेल.

ज्याने फोन उचलला त्यालाच पुन्हा सांगा, की परतीची अडचण आहे. मिटिंग संपल्यावर स्टँडपर्यंत सोडणारं कुणीतरी बहुतेक निघतं, आणि त्या गाडीवरच्या दहा मिनिटांत जे बोलणं होईल ते दादांच्या जास्त कामाचं आहे. शनिवारी निघण्याआधी दुपारी खोलीची खात्री करा. तुम्ही बाहेर थांबणार असाल तर दारासमोर नको, जवळच्या हॉटेलात बसा. पावणेसातला त्यांना गेटपाशी सोडा आणि दारात भेटणारा सभासद बाहेर आला की मागे फिरा.